डॉक्टर, लसीकरण दवाखान्यातून हलवू नका

माननीय डॉक्टर,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या दवाखान्याच्या दारावर अलीकडे एक सूचना लागली आहे. यापुढे इथे मोठ्यांचे लसीकरण होणार नाही, फ्लूची लस ठेवली जाणार नाही, लहान मुलांना आठवड्यातून एकाच सकाळी, तेही दोनच तास लस मिळेल आणि बाकीच्यांनी मोठ्या रुग्णालयात चौकशी करावी, असे तीत लिहिले आहे. कारण दिलेले नाही. काउंटरवर विचारले तर "डॉक्टरांनी ठरवलंय" एवढेच उत्तर मिळते. म्हणून थेट तुम्हालाच लिहिते आहे. उघडपणे लिहिते आहे, कारण असाच निर्णय घेतलेले किंवा घेण्याच्या विचारात असलेले इतरही फॅमिली डॉक्टर असतील. त्यांनीही हे वाचावे, आणि त्यांच्या पेशंटनीही.

यात माझा काय संबंध, ते आधी सांगते. माझ्या मिस्टरांची प्लीहा (पोटातला एक अवयव) अपघातानंतर काढावी लागली. प्लीहा गेली तरी माणूस चालतो-फिरतो, कामावर जातो, वरून काही दिसत नाही. पण न्यूमोकोकससारखे काही जंतू रक्तातून गाळून मारण्याचे काम मुख्यतः तीच करते. ती नसेल तर साध्या कणकणीसारखा सुरू झालेला ताप एक-दोन दिवसांत जिवावर बेतू शकतो. म्हणून अशा माणसाला न्यूमोकोकसची, मेनिंगोकोकसची आणि हिबची (हिमोफिलस इन्फ्लुएन्झा टाइप बी या जंतूविरुद्धची) लस द्यावी लागते, आणि फ्लूची दरवर्षी. हे आम्हाला ऑपरेशन झालेल्या रुग्णालयात कोणी समजावले नाही. सुट्टी देताना मिळालेल्या कागदांत, औषधांच्या यादीखाली, बारीक अक्षरात एक ओळ तेवढी होती. ती तुम्ही वाचलीत. टाके काढायला आलो होतो आम्ही, आणि तुम्ही तो कागद बाजूला घेऊन केसपेपरच्या मागे लसींची नावे लिहिलीत, कोणती कधी ते लिहिलेत आणि ऑपरेशनला दोन आठवडे होऊ देत, मग सुरू करू, असे सांगितलेत. सिस्टरांनी फ्रिजमधून बाटली काढून तिच्यावरचे नाव आणि मुदतीची तारीख आधी स्वतः मोठ्याने वाचली, मग मिस्टरांना वाचायला लावली, कार्डावर बॅच नंबर उतरवला आणि टोचून झाल्यावर बाहेरच्या बाकावर पंधरा मिनिटे बसवून ठेवले. मला लसीकरण म्हणजे काय हे त्या दिवशी कळले. आणि ते मोठ्या रुग्णालयात नाही, तुमच्याकडे कळले.

त्यामुळे ही सूचना मला गप्प बसून स्वीकारता येत नाही. जे काम तुम्ही इतके नीट करत होतात, तेच बंद होते आहे.

तुमच्या अडचणी मी समजू शकते. लस ठेवायची म्हणजे दोन ते आठ अंश सेल्सिअस तापमान रात्रंदिवस सांभाळायचे, ते दिवसातून दोनदा वहीत नोंदवायचे, वीज गेली तर धावाधाव करायची. गरम झालेली लस वाया जाते हे लोकांना माहीत असते, पण गोठलेली लसही वाया जाते हे फार कमी जणांना माहीत आहे. धनुर्वात, घटसर्प, हिपॅटायटिस बी, एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणारा विषाणू) या लसींत अ‍ॅल्युमिनियमचा क्षार असतो. त्या एकदा गोठल्या की त्यांची ताकद जाते आणि वितळल्यावर वरवर पाहून काही कळतही नाही. फ्रिजच्या दारात लस ठेवायची नाही, मागच्या भिंतीला टेकू द्यायची नाही, त्या फ्रिजमध्ये दुसरे काही ठेवायचे नाही. हे सगळे एका छोट्या दवाखान्यात, दोन माणसांच्या बळावर करणे सोपे नाही. फ्लूच्या लसीचे तर आगाऊ पैसे भरा आणि हंगाम संपल्यावर उरलेले डोस फेकून द्या. हा भार एकट्या डॉक्टरने उचलावा असे मी म्हणत नाही. पण भार जड झाला म्हणून तो न बोलता पेशंटच्या डोक्यावर ठेवणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि माझ्या दृष्टीने सर्वांत गंभीर: 'मोठ्यांचे लसीकरण' ही हौशीची गोष्ट आहे, असा समज या सूचनेतून पसरतो. धनुर्वाताचेच घ्या. गोवर किंवा पोलिओ एकापासून दुसऱ्याला होतो, त्यामुळे भोवतालच्या सगळ्यांनी लस घेतली की न घेतलेल्यालाही थोडाफार आडोसा मिळतो. धनुर्वाताचे तसे नाही. त्याचे जंतू मातीत असतात आणि जखमेतून शिरतात. शेजाऱ्याने लस घेतली म्हणून माझे रक्षण होत नाही, ज्याचे त्यानेच करावे लागते. लहानपणीच्या डोसांचा जोर कालांतराने ओसरतो, म्हणून अनेक देशांत मोठ्यांना दहा वर्षांनी बूस्टर घ्यायला सांगतात. प्रत्यक्षात काय होते? खिळा लागला, पत्रा कापला की माणूस धावत दवाखान्यात येतो आणि "टीटी द्या" म्हणतो. आधीचा डोस कधी झाला ते त्याला आठवत नाही, कुठे लिहिलेले नसते, म्हणून पुन्हा टोचले जाते. जागतिक आरोग्य संघटना नुसत्या धनुर्वाताच्या टीटीऐवजी धनुर्वात आणि घटसर्प दोन्हींची टीडी द्या असे सांगते, कारण घटसर्पाविरुद्धची प्रतिकारशक्तीही वयानुसार उतरते. हा बदल पेशंटला कोण सांगणार? वर्तमानपत्र वाचून त्याला कळणार नाही. त्याला तुम्हीच सांगाल तर कळेल.

गरोदर बायकांचे तर याहून नाजूक आहे. डांग्या खोकल्याने सर्वांत जास्त जीव जातात ते अगदी तान्ह्या बाळांचे, आणि बाळाचा स्वतःचा पहिला डोस सहा आठवड्यांनंतर किंवा दोन महिन्यांनी असतो. फ्लूची लस तर सहा महिन्यांच्या आत देताच येत नाही. मधल्या काळात बाळाकडे असते ते फक्त आईकडून वारेतून आलेले संरक्षण. आईला गरोदरपणाच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या तिमाहीत लस मिळाली तरच ते पुरेसे मिळते. ही वेळ निघून गेली की परत येत नाही. पाय सुजलेल्या बाईला "मोठ्या रुग्णालयात चौकशी करा" म्हणणे म्हणजे त्यातल्या कितीतरी जणींच्या बाबतीत ती लस होणारच नाही, हे मान्य करणे आहे.

पासष्टीच्या पुढच्यांना न्यूमोनियाची लस, पन्नाशीनंतर नागिणीची, दमा-मधुमेह-हृदयविकार असलेल्यांना दरवर्षी फ्लूची, हे तुम्हाला मी सांगायला नको. ज्यांनी नागिणीनंतर महिनोन्‌महिने राहिलेल्या वेदना घरात पाहिल्या आहेत त्यांनाही सांगायला नको.

दुसरी तक्रार फ्लूच्या लसीची, कारण तिथे उशीर म्हणजेच नकार. फ्लूचा विषाणू रूप बदलत राहतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा तज्ज्ञांना एकत्र आणते: फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी. पुढच्या हंगामाच्या लसीत विषाणूचे कोणते प्रकार घ्यायचे ते तिथे ठरते. ठरल्यापासून लस तयार होऊन हातात यायला साधारण सहा महिने लागतात, आणि दंडात टोचल्यावर संरक्षण तयार व्हायला आणखी सुमारे दोन आठवडे. म्हणजे साथ आल्यावर लस शोधत फिरण्यात फारसा अर्थ नाही. दवाखान्याने हंगामाआधी मागणी नोंदवली तरच ती वेळेवर मिळते. तुमच्याकडे दमेकरी किती, मधुमेही किती, साठी ओलांडलेले किती, याचा अंदाज तुमच्या केसपेपरच्या गठ्ठ्यांत पडून आहे. मोठ्या रुग्णालयाकडे तो नाही. दरवर्षी नव्याने लस का घ्यायची, गेल्या वर्षीची का चालत नाही, हेही लोक विचारतात, आणि त्याला दोन वाक्यांत उत्तर देणारा माणूस समोर असावा लागतो. टोचण्याच्या फ्लूच्या लसीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिच्याने फ्लू होत नाही, हे एक वाक्य तुमच्या तोंडून ऐकले की माझ्या सासूबाईंसारखी हट्टी माणसेही हात पुढे करतात. छापील पत्रक वाचून त्यांनी ते कधीही केले नसते.

तिसरी तक्रार लहान मुलांच्या त्या दोन तासांची. सकाळी दहाला मुलाला घेऊन येणे म्हणजे घरातल्या कोणाची तरी अर्धी रजा किंवा बुडालेला रोज. ज्यांना रजा मिळते ते येतील. ज्यांना मिळत नाही त्यांची मुले मागे राहतील, आणि नेमक्या त्याच घरांना लसीची गरज जास्त असते. त्यात दवाखान्यात आणखी एक सवय पडली आहे: मुलाला सर्दी आहे, नाक गळते आहे, पुढच्या वेळी या. किरकोळ सर्दी, बारीक ताप, चालू असलेले अँटिबायोटिक ही लस पुढे ढकलण्याची कारणे नाहीत, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांत स्पष्ट आहे. "चार मुले जमू द्या, मग बाटली उघडू" हेही तितकेच चुकीचे. गोवराची बाटली एकदा द्रावण घालून तयार केली की सहा तासांत टाकून द्यावी लागते, हे खरे. काही डोस वाया जातात, हेही खरे. तरीही समोर आलेल्या एका मुलासाठी बाटली उघडावी, असेच मार्गदर्शन आहे, कारण परत पाठवलेले मूल परत येईलच याची खात्री नसते. आणि डोस चुकला, फार दिवस उलटले म्हणून आईवर रागावून तिला संकोचात टाकण्याचेही कारण नाही. नेहमीच्या बहुतेक लसींचा क्रम खंडित झाला तरी पहिल्यापासून सुरू करावा लागत नाही, राहिलेल्या डोसापासून पुढे जाता येते. हे माहीत नसल्यामुळे लाजून न येणाऱ्या आया मी स्वतः पाहिल्या आहेत.

गोवराचे मुद्दाम लिहिते, कारण तो तुमच्याच वेटिंग रूमचा प्रश्न आहे. गोवर झालेले मूल खोलीतून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत हवेत टिकू शकतो. लस नसलेल्यांत एक रोगी सरासरी बारा ते अठरा जणांना गोवर देतो. म्हणून समाजात सुमारे ९५ टक्के लोकांना दोन डोस मिळालेले असावे लागतात, तेव्हा कुठे साथ अडते. तुमच्या त्या बाकावर तापाचे मूल, केमोथेरपी घेणारा पेशंट, सहा महिन्यांचे बाळ आणि माझे मिस्टर शेजारी शेजारी बसतात. तिथे लस मिळणे बंद झाले तर धोका बाहेर कुठे तरी नाही, त्या खोलीतच वाढतो.

चौथी गोष्ट नोंदींची. सूचना वाचून ज्यांनी मोठ्या रुग्णालयात चौकशी केली त्यांना तिथे आधीचे कार्ड मागतात. बहुतेकांकडे ते नसते. तुमच्या वहीत असते, पण ती वही तिथे पोहोचत नाही. मग एका माणसाच्या लसींचा हिशेब तीन ठिकाणी विखुरतो आणि पूर्ण चित्र कोणाकडेच राहत नाही. जिवंत विषाणूंच्या दोन टोचायच्या लसी एकाच दिवशी द्याव्यात, नाहीतर मध्ये चार आठवडे जाऊ द्यावेत. प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे चालू असतील तर अशा लसी बहुधा देतच नाहीत. हे पाहायचे तर पेशंटची सगळी औषधे आणि सगळे जुने डोस एका नजरेत हवेत. ती नजर फॅमिली डॉक्टरचीच असते.

पाचवी तक्रार मौनाची. तुम्ही लसीबद्दल बोलणे थांबवलेत की ती जागा रिकामी राहत नाही, मोबाइलवर फिरणारे संदेश ती भरतात. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीने मुले स्वमग्न होतात, असे सुचवणारा लेख १९९८ मध्ये एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आला होता. २०१० मध्ये त्या नियतकालिकाने तो मागे घेतला. लेख मागे घेऊन इतकी वर्षे झाली तरी तो दावा आजही नव्या नावाने, नव्या फोटोसह माझ्या फोनवर येतो. मी त्याला उत्तर देऊ शकत नाही, माझे कोणी ऐकणार नाही. तुमचे ऐकतील. लस घ्यावी की नाही हे ठरवताना लोक स्वतःच्या डॉक्टरच्या सल्ल्याला सर्वांत जास्त मानतात, हे आरोग्य क्षेत्रात काम करणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे. देवी हा रोग पृथ्वीवरून गेल्याचे १९८० मध्ये जाहीर झाले ते नुसत्या बाटल्यांच्या जोरावर नाही. दारोदार जाऊन समजावणारी, रुग्ण शोधून त्याच्या भोवतालच्या प्रत्येकाला टोचणारी माणसे त्यामागे होती. लोकांना ओळखणाऱ्या, त्यांच्या नावाने हाक मारणाऱ्या माणसाशिवाय हे काम आजही होत नाही.

माझ्या मागण्या साध्या आहेत. मोठ्यांचे लसीकरण पुन्हा सुरू करा. रोज शक्य नसेल तर आठवड्यातला एक दिवस ठरवा, पण त्यात एक संध्याकाळ असू द्या, म्हणजे कामावरून येणाऱ्यांना आणि मुलांना आणणाऱ्यांना दोघांनाही सोयीचे होईल. फ्लूच्या लसीसाठी हंगामाच्या दोन-तीन महिने आधी काउंटरवर नावनोंदणीची वही ठेवा. ज्याला हवी तो नाव लिहील, आगाऊ रक्कम भरेल, आणि उरलेल्या डोसांचे नुकसान तुमच्या एकट्याच्या अंगावर येणार नाही. नाव लिहायला मी स्वतः घरोघर सांगायला तयार आहे. एखादी लस तुम्हाला ठेवणे खरोखरच शक्य नसेल तर ती नेमकी कुठे, कोणत्या वारी मिळते ते लिहून द्या, आणि सोबत आधीच्या डोसांची नोंद द्या. नुसते 'मोठ्या रुग्णालयात' असे सांगू नका. लहान मुलांप्रमाणे मोठ्यांनाही लसीचे कार्ड द्या. ज्यांची प्लीहा काढली आहे, ज्यांना डायलिसिस चालू आहे, ज्या गरोदर आहेत, त्यांच्या केसपेपरवर ठळक खूण करा आणि डोसची वेळ आली की एक फोन करायला सिस्टरांना सांगा. टोचल्यावर पंधरा मिनिटे थांबवणे आणि अ‍ॅड्रेनालिन हाताशी ठेवणे तुम्ही आजवर चुकवलेले नाही, ते तसेच राहू द्या. गंभीर अ‍ॅलर्जी दहा लाख डोसांमागे एखाद-दुसऱ्याला होते, पण होते तेव्हा काही मिनिटांतच इलाज लागतो, आणि ती तयारी पाहूनच आमच्यासारख्यांचा भरवसा बसतो.

डॉक्टरांच्या संघटनांनाही एक विनंती आहे. छोट्या दवाखान्यांनी मिळून एकत्र खरेदी करावी, चांगला फ्रिज आणि तापमान नोंदवणारे यंत्र घ्यायला एकमेकांना मदत करावी, कमी पडणारे डोस थंड तापमानाची साखळी न तोडता एकमेकांकडून मिळवावेत, अशी काही व्यवस्था तुम्ही उभी केलीत तर एकेकट्या डॉक्टरला अशी सूचना लावण्याची वेळ येणार नाही. आरोग्य खात्याकडे काही मागायचे असेल तर आम्ही पेशंट सही करायला तुमच्याबरोबर उभे राहू.

या पत्राची छापील प्रत मी काउंटरवर देत आहे. उत्तर लेखी मिळावे ही विनंती. सगळ्यांना वाचता येईल असे ते दवाखान्यातच लावलेत तरी चालेल. मिस्टरांच्या यंदाच्या फ्लूच्या डोसची वेळ जवळ आली आहे आणि तो तुमच्याकडेच घ्यायचा आमचा विचार आहे. लस कधी मागवणार, तेवढे कळवावे.

कळावे,

आपली,
तुमच्या दवाखान्याची एक जुनी पेशंट